वाचकांचे प्रश्न : प्रवाळाच्या जखमेला हात किती लावावा?

जखमी प्रवाळांविषयी आलेली पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पहिले उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा आधार त्यातच आहे.

प्रश्न : माझ्या समुद्री मत्स्यालयात दोन वर्षांपासून एक ट्रॅकीफिलिया प्रवाळ आहे. गेल्या आठवड्यात वरच्या कपारीतला दगड निसटून त्याच्यावर पडला. सकाळी पाहिले तेव्हा एका कडेचे मांस फाटले होते आणि सुमारे २ सेंटीमीटर लांबीचा पांढरा सांगाडा उघडा पडला होता. उरलेला भाग आक्रसून बसला आहे. मी त्याला लगेच दुसऱ्या जागी हलवले, आयोडीनच्या द्रावणात बुडवून काढले, टाकीतले निम्मे पाणी बदलले आणि रोज अमिनो आम्लांचे थेंब घालतो आहे. चार दिवस झाले तरी फरक दिसत नाही. फाटलेल्या जागेतून पांढरे दोरेही बाहेर आले आहेत. आणखी काय करावे?

उत्तर : आपण जे केले ते काळजीपोटी केले, यात शंका नाही. तरीही अंग फाटलेल्या या प्राण्याची जागा, त्याच्यावर पडणारा प्रकाश आणि त्याच्या भोवतालचे पाणी ही तिन्ही एकाच आठवड्यात बदलली गेली. आता तो आक्रसलेला आहे यात दगडाचा वाटा किती आणि उपचारांचा किती, हे सांगणे अवघड झाले आहे. म्हणून पहिली सूचना अशी की, पुढचे आठ-दहा दिवस नवीन असे काहीही करू नये.

ही सूचना हात झटकण्यासारखी वाटू नये, यासाठी जखम भरते कशी हे थोडे पाहू. ट्रॅकीफिलियाचे घड्या पडलेले, गुबगुबीत दिसणारे अंग प्रत्यक्षात फार पातळ असते. बाहेरचा एक पेशीथर, आतला एक पेशीथर आणि दोहोंमध्ये जेलीसारखा पदार्थ एवढीच त्याची घडण असून, आत पाणी भरल्यामुळे ते जाड भासते. त्याखाली ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा, सांगाडा असतो आणि त्या सांगाड्यातील उभ्या पट्ट्यांच्या कडा करवतीच्या दात्यांसारख्या असतात. त्यामुळे वरून दगड पडतो तेव्हा मांस बहुतेक वेळा आतूनच, स्वतःच्या सांगाड्याच्या धारेवर चिरते. प्रवाळ फुगलेला असताना पाण्याबाहेर उचलला तरी हेच घडते, कारण आतल्या पाण्याच्या वजनाने मांस खाली लोंबते आणि त्याच दात्यांवर ताणले जाते. पुन्हा कधी हलवण्याची वेळ आलीच, तर आधी हाताने पाणी हळूच हलवून त्याला आक्रसू द्यावे, सांगाड्याला खालून धरावे आणि पाण्याने भरलेल्या भांड्यातूनच न्यावे.

फाटल्यानंतर काही तासांतच प्रवाळाच्या शरीरातील फिरत्या संरक्षक पेशी जखमेकडे जमू लागतात आणि उघडी कड मिटवण्याचे काम सुरू होते. ही पहिली पायरी होय. कड मिटली की दुसरी पायरी सुरू होते, ती म्हणजे शेजारच्या जिवंत मांसातून नवे मांस उघड्या सांगाड्यावर सरकू लागणे. या दोन पायऱ्यांतील फरक लक्षात न घेतल्यामुळे बरेच जण निष्कारण घाबरतात. पांढरा सांगाडा दिसतो आहे म्हणजे जखम ओली आहे, असे नव्हे. कड गोलसर, गुळगुळीत आणि सांगाड्याला घट्ट चिकटलेली दिसू लागली की प्रवाळाच्या दृष्टीने जखम बंद झाली. सांगाडा पुढे झाकला जाईल किंवा जाणारही नाही. अर्धा सांगाडा उघडा असलेले, पण बाकी उत्तम प्रकृतीचे प्रवाळ वर्षानुवर्षे जगतात.

मांस पुढे सरकण्याचा वेग सुरुवातीच्या काळात सर्वांत जास्त असतो आणि नंतर तो मंदावत जातो, हे प्रवाळांवरील अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे. जखमेच्या क्षेत्रफळाच्या मानाने तिच्याभोवतीची जिवंत कड जितकी लांब, तितकी ती भरून येण्याची शक्यता अधिक. म्हणून अरुंद, लांबट चीर लवकर भरते आणि तेवढ्याच क्षेत्रफळाचा गोल खड्डा रेंगाळतो. आपल्या प्रवाळाची जखम कडेची आणि लांबट आहे, ही जमेची बाजू. मात्र या सुरुवातीच्या दिवसांतच उघड्या सांगाड्यावर शैवालाने ठाण मांडले, तर मांसाला पुढे सरकण्यासाठी जागाच उरत नाही. म्हणजे पहिले काही आठवडे मांस आणि शैवाल यांच्यात शर्यत चालते, आणि आपले काम मांसाच्या वाटेतले अडथळे दूर ठेवणे एवढेच असते.

आता पांढऱ्या दोऱ्यांविषयी. ते किडे नाहीत. प्रवाळाच्या पोटातील पडद्यांच्या कडेला पचनाचे तंतू असतात आणि मांस फाटले किंवा प्रवाळाला फार त्रास झाला की ते फटीतून किंवा तोंडातून बाहेर येतात. चिमट्याने ते ओढू नयेत, कारण ओढले तर आतला भागही त्यांच्याबरोबर येतो. बहुतेक वेळा प्रवाळ ते स्वतःच आत घेतो. पारदर्शक, तारेसारखा लांबणारा चिकट स्राव दिसला तर तोही स्वच्छतेचाच भाग समजावा. चिंतेचे लक्षण वेगळे आहे: कडेचे मांस तपकिरी, भुसभुशीत, चिखलासारखे होणे, त्याला सडका वास येणे आणि पांढरा भाग रोज वाढत जाणे. यासाठी रोज एकाच वेळी, एकाच कोनातून, एकाच प्रकाशात एक छायाचित्र काढून ठेवावे. डोळ्यांवर विसंबल्यास आशेच्या दिवशी जखम लहान दिसते आणि काळजीच्या दिवशी मोठी दिसते; छायाचित्रात तसे होत नाही.

जागेबाबत असे की, हा प्रवाळ निसर्गात बहुधा सुटा असतो आणि वाळूच्या किंवा मऊ तळावर पडून राहतो. त्यामुळे त्याला कधीही दगडाच्या कपारीत ठेवू नये. फुगताना मांस खडबडीत दगडावर घासते आणि जखम पुन्हा उघडते. आपण त्याला वाळूवर हलवले असेल तर तेथेच राहू द्यावे, आणि दगडावर ठेवले असेल तर एवढी एकच हालचाल माफ आहे. पाण्याचा प्रवाह थेट अंगावर येऊ नये, पण अंगावर गाळ बसेल इतका मंदही नसावा. मांसाची किनार हलकीशी डुलते आहे आणि सांगाड्यावर आपटत नाही, एवढा प्रवाह पुरे. जखमेवर गाळ साचलाच, तर रबरी फुग्याच्या पिचकारीने थोड्या अंतरावरून पाण्याचा हलका झोत सोडावा.

प्रकाश थोडा कमी ठेवावा. मांसातील झूझॅन्थेली हे सूक्ष्म शैवाल प्रकाशापासून अन्न बनवून प्रवाळाला त्याचा मोठा हिस्सा देतात, म्हणून संपूर्ण अंधार करणे चुकीचेच. परंतु आक्रसलेल्या, ताण आलेल्या मांसाला तीव्र प्रकाश सोसत नाही. पार (प्रकाशसंश्लेषणास उपयोगी प्रकाशाचे माप) मोजण्याचे साधन हाताशी असेल तर ५० ते ८० च्या आसपास राहावे आणि प्रवाळ दिवसा नीट फुलू लागल्यावर आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवावे. ज्या प्रवाळाचा रंग आधीच फिका पडला आहे, त्याची जखम सावकाश भरते, हेही ध्यानात ठेवावे.

पाण्याबद्दल मात्र थोडे स्पष्टच लिहितो. निम्मे पाणी बदलल्याने घाण गेली असेल, पण त्याबरोबर काय झाले असेल याचा हिशेब करून पाहा. समजा, टाकीतील अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्लता रोखण्याची क्षमता, ७.५ डीकेएच (ती मोजण्याचे एकक) होती आणि नव्या मिठाच्या पाण्याची ११ होती. निम्मे पाणी बदलताच ती तासाभरात ९.२५ वर गेली. धडधाकट प्रवाळालाही एका दिवसात १ डीकेएचपेक्षा अधिक बदल शक्यतो देऊ नये, असा अनुभवी लोकांचा दंडक आहे. त्याच पाण्याचा केवळ दहावा भाग बदलला असता, तर आकडा ७.८५ झाला असता आणि प्रवाळाला ते कदाचित जाणवलेही नसते. म्हणून यापुढे आठवड्याला सुमारे १० टक्के पाणी, टाकीइतक्याच तापमानाचे आणि क्षारतेचे, बदलावे. क्षारता ३५ भाग प्रति हजार, म्हणजे २५ अंश सेल्सिअसला सुमारे १.०२६ विशिष्ट गुरुत्व, तापमान २५ ते २६ अंश, अल्कलिनिटी ७.५ ते ९ यांपैकी कोणताही एक आकडा. कॅल्शियम ४०० ते ४४० आणि मॅग्नेशियम १,२५० ते १,३५० मिलिग्रॅम प्रति लिटर. हे आकडे गाठण्यासाठी धावपळ करू नये. टाकीत आज ७.५ असेल तर ७.५ च राहू द्यावे. जखमी प्रवाळाला उत्तम आकड्यापेक्षा न हलणारा आकडा मानवतो. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणण्याचा मोहही टाळावा. नायट्रेट २ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर असणे या प्रवाळांना चालतेच नव्हे तर लागते. त्याहून फॉस्फेट फार वाढले, तर मात्र आधी सांगितलेल्या शर्यतीत शैवालाचे पारडे जड होते.

आयोडीनचा एक डिप, म्हणजे द्रावणात थोडा वेळ बुडवणे, झाला तेवढा पुरे. आयोडीन जखमेच्या पृष्ठभागावरील जंतू मारते, पण ते नवे मांस वाढवत नाही, आणि वारंवार बुडवल्यास कोवळ्या कडेच्या पेशींनाही जाळते. सड सुरू झाल्याचे दिसले तरच पुन्हा डिप द्यावा: वेगळ्या भांड्यात टाकीचेच पाणी घेऊन, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात आणि वेळेपुरताच. डिपचे पाणी टाकीत परत ओतू नये आणि प्रवाळ टाकीत ठेवण्यापूर्वी टाकीच्याच स्वच्छ पाण्यात विसळून घ्यावा. अमिनो आम्लांचे रोजचे थेंब थांबवावेत. प्रवाळाला त्यातून काय मिळते याविषयी दुमत असू शकते, पण पाण्यातील जिवाणूंना त्यातून मेजवानी मिळते याविषयी नाही.

त्याऐवजी खरे अन्न द्यावे, पण घाई न करता. ट्रॅकीफिलिया रात्री दिवे मालवल्यानंतर अन्न पकडणारे छोटे स्पर्शक बाहेर काढतो. ते दिसू लागले की पंप पंधरा-वीस मिनिटे बंद करून, मायसिस कोळंबीचे एक-दोन बारीक तुकडे तोंडापासून जवळ, जखमेपासून दूर, अलगद ठेवावेत. आठवड्यातून दोनदा पुरे. स्पर्शक बाहेर येत नसतील किंवा तोंड सैल उघडे पडलेले असेल, तर अन्न देऊ नये. न खाल्लेला तुकडा जखमेजवळ कुजणे हे उपासापेक्षा वाईट. टाकीत कोळंबी किंवा शंखातले खेकडे असतील तर ते प्रवाळाच्या तोंडात पाय घालून घास काढून नेतात आणि त्या झटापटीत फाटलेले मांस आणखी फाटते. माझ्या स्वतःच्या टाकीत एका लोबोफिलिया प्रवाळाची भरत आलेली जखम अशा एका कोळंबीने दोनदा उकरली होती आणि मी मात्र आठवडाभर पाण्याच्या चाचण्या करत बसलो होतो. बाजूंनी भोके असलेली प्लॅस्टिकची छोटी टोपली प्रवाळावर पालथी घातली की हा प्रश्न मिटतो, मात्र तिच्या कडा मांसाला टेकता कामा नयेत.

उघड्या सांगाड्यावर केसाळ शैवाल उगवू लागले, तर मऊ ब्रशने ते काढावे, पण जिवंत कडेपासून दोन-तीन मिलिमीटर अंतर सोडावे. गुलाबी-जांभळे, दगडासारखे कठीण कोरलाइन शैवाल आले तर त्याला हात लावण्याची गरज नाही. मांस त्याच्यावरून सरकू शकते. गाळ धरून ठेवणारी आखूड, दाट हिरवळ ही सर्वांत त्रासदायक, तिला वेळीच आवरावे. हे सारे करताना हातात हातमोजे असावेत. आपल्या बोटांना प्रवाळाच्या धारेने झालेली जखमही चिवट असते आणि मत्स्यालयाच्या पाण्यातील काही जिवाणू माणसाच्या त्वचेत महिनोन्‌महिने ठाण मांडू शकतात.

सर्व सुरळीत राहिले तर पहिल्या आठवड्यात-दोन आठवड्यांत फाटकी कड गुळगुळीत होईल, त्यानंतर प्रवाळ आधी रात्री आणि मग दिवसा फुलू लागेल, आणि मांस पुढे सरकल्याचे छायाचित्रांत ओळखू येण्यास महिना-दीड महिना लागेल.

प्रश्न : रात्री टॉर्चने पाहिले असता गॅलॅक्सिया प्रवाळाचे लांब दोऱ्यासारखे स्पर्शक शेजारच्या युफायलियापर्यंत पोहोचलेले दिसले. आता युफायलियाच्या पाच डोक्यांपैकी एकावर तपकिरी, जेलीसारखा पदार्थ जमला आहे आणि तो हलवला की मांस सुटून येते. "प्रवाळाला त्रास देऊ नये, तो आपोआप बरा होतो," असा सल्ला मला मिळाला आहे. वाट पाहावी काय?

उत्तर : नाही. पहिल्या पत्राला दिलेल्या उत्तराच्या नेमके उलटे उत्तर येथे द्यावे लागते, आणि आजच्या आजच हात घालावा लागतो.

आपण जे वर्णन केले आहे त्याला प्रवाळ पाळणारे लोक ब्राउन जेली म्हणतात. आधी डंखाने मांस मेले आणि त्या मेलेल्या मांसावर जिवाणू व सिलिएट नावाचे केसाळ एकपेशीय जीव तुटून पडले, असा हा क्रम असतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे सिलिएट प्रवाळाच्या पेशी गिळताना दिसतात आणि गिळलेल्या झूझॅन्थेलींमुळेच त्या जेलीला तपकिरी रंग येतो. ते मेलेल्या भागावर थांबत नाहीत, शेजारच्या जिवंत मांसावरही जातात. एक डोके दिवसा-दोन दिवसांत रिकामे होऊ शकते. दगडाने फाटलेली जखम आणि ही सड यांत फरक ओळखण्याची सोपी खूण अशी: पहिलीत पांढरा भाग तेवढाच राहतो, दुसरीत तो डोळ्यांदेखत वाढतो.

सर्वप्रथम टाकीतील सर्व पंप बंद करावेत, नाहीतर जेलीचे तुकडे प्रवाहाबरोबर इतर प्रवाळांवर जाऊन पडतात. एका बारीक नळीने ती जेली शोषून थेट बादलीत काढावी. जेली अंगावर तशीच ठेवून प्रवाळ पाण्यातून वर ओढू नये. त्यानंतर प्रवाळ भांड्यात घेऊन पाहावे. युफायलियाच्या ज्या जातींत प्रत्येक डोक्याला स्वतंत्र दांडा असतो, त्यांत आजारी डोके दांड्यासह कापून टाकणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. काप सडलेल्या भागाच्या खाली, पूर्ण उघड्या सांगाड्यातून घ्यावा. शेजारच्या डोक्यांचे मांस दुखवू नये. जातीची घडण भिंतीसारखी सलग असेल तर असा काप घेता येत नाही. तेथे निरोगी मांसात थोडे आत शिरून करवतीने भाग वेगळा करावा लागतो आणि यशाची शक्यता घटते. कापल्यावर उरलेली चार डोकी आयोडीनच्या डिपमध्ये ठेवून, विसळून, शक्य असल्यास वेगळ्या छोट्या टाकीत ठेवावीत. वेगळी टाकी नसेल तर प्रवाहाच्या शेवटच्या टोकाला, इतर प्रवाळांपासून दूर ठेवावीत. कापताना डोळ्यांवर चष्मा आणि हातांत मोजे असावेत. टाकीत झोअँथिड प्रवाळ असतील तर ही सूचना दुप्पट पाळावी; त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते, आणि असे दगड कधीही उकळू नयेत, कारण वाफेतून झालेल्या विषबाधा नोंदल्या गेल्या आहेत.

मूळ भांडणाकडेही पाहिले पाहिजे. प्रवाळ एका जागी खिळलेले असतात, म्हणून ते निरुपद्रवी शेजारी असतील असा आपला समज होतो. १९७०च्या दशकाच्या आरंभी ज्युडिथ लँग यांनी जमैकातील प्रवाळांवर केलेल्या निरीक्षणांतून तो मोडीत निघाला: एक प्रवाळ आपले पचनतंतू बाहेर टाकून शेजाऱ्याचे मांस त्याच्याच सांगाड्यावर पचवतो, आणि कोण कोणावर मात करतो याची जातींमध्ये उतरंडही असते, असे त्यांनी दाखवून दिले. गॅलॅक्सियाचे शस्त्र वेगळे आहे. त्याचे लढाऊ स्पर्शक २० ते ३० सेंटीमीटरपर्यंत लांबू शकतात आणि प्रवाहाच्या दिशेने वाहत जाऊन डंख मारतात. म्हणून दोघांमधील अंतर मोजताना केवळ सेंटीमीटर न पाहता पाणी कोणत्या दिशेला वाहते तेही पाहावे. गॅलॅक्सियाला टाकीच्या एका टोकाला, प्रवाहाच्या खालच्या बाजूला ठेवावे. सम्पमध्ये, म्हणजे पाणी गाळण्याच्या जोडटाकीत, सक्रिय कोळसा असेल तर तो या घटनेनंतर बदलावा.

प्रश्न : टाकी साफ करताना ॲक्रोपोराची एक फांदी मोडली. तिला जागच्या जागी डकवावे की वेगळे लावावे? शिवाय त्याच ॲक्रोपोराचे मांस बुडापासून हळूहळू वर सोलत जाते आहे. त्याचा मोडण्याशी काही संबंध आहे काय?

उत्तर : मोडलेली फांदी ही इजा कमी आणि वाढ अधिक आहे. ॲक्रोपोराच्या अनेक जाती समुद्रात वादळाने मोडूनच पसरतात. तुटलेला तुकडा तळावर स्थिरावला की त्याची नवी वसाहत होते. सायनोॲक्रिलेटच्या (झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या) घट्ट जेलने फांदी छोट्या दगडावर उभी करावी आणि मूळ प्रवाळाइतकाच प्रकाश व प्रवाह तिला द्यावा. मूळ जागी डकवण्याचा खटाटोप करू नये. तो सांधा हलत राहतो आणि दोन्ही कडा घासतात. मोडलेल्या टोकाचा पांढरा गाभा बहुधा काही आठवड्यांत झाकला जाईल.

लहान तुकड्यांच्या या ताकदीविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फ्लोरिडातील मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड व्हॉन हे एल्कहॉर्न प्रवाळ हलवत असताना त्याचा एक भाग टाकीच्या तळाला चिकटून तुटला आणि मागे केवळ काही पॉलिप, म्हणजे प्रवाळाची वसाहत बनवणारे एकेकटे छोटे जीव, उरले. ते मरणार असेच त्यांनी गृहीत धरले होते. पुढे पाहिले तेव्हा त्या पॉलिपांची संख्या वाढली होती, आणि तीही नेहमीपेक्षा फार वेगाने. प्रवाळांचे मुद्दाम अगदी बारीक तुकडे करून ते वाढवण्याची मायक्रोफ्रॅगमेंटेशनची पद्धत त्या प्रसंगातून पुढे आली आणि आज उजाड झालेल्या प्रवाळभित्ती पुन्हा वसवण्यासाठी ती वापरली जाते.

बुडापासून वर जाणारी सोलवट मात्र वेगळीच बाब आहे आणि तिचा फांदी मोडण्याशी संबंध नाही. अल्कलिनिटीचे चढउतार, वरच्या फांद्यांची खाली पडणारी सावली, पोषणद्रव्ये शून्यावर गेलेली असणे, किंवा ॲक्रोपोरा खाणारे चपटे कृमी ही तिची नेहमीची कारणे. कृमी असतील तर मांसावर बारीक गोल फिकट डाग दिसतात आणि बुडाशी उघड्या सांगाड्यावर त्यांच्या सोनेरी-तपकिरी अंड्यांचे पुंजके सापडतात. डिपने कृमी पडतात पण अंडी मरत नाहीत, म्हणून ती खरवडावी लागतात किंवा तो सांगाडाच कापून टाकावा लागतो. कृमी नसून सोलवट दररोज पुढे जात असेल, तर तिच्या वर साधारण १ सेंटीमीटर निरोगी मांसात काप घेऊन वरच्या फांद्या वाचवाव्यात. ती थांबली असेल, तर कापू नये.

प्रश्न : माणसांच्या जखमेवरील प्रतिजैविक मलम प्रवाळाच्या जखमेवर चालते काय? किंवा गोळी कुटून टाकीत टाकली तर?

उत्तर : दोन्ही करू नये. मलमातील तेलकट आधारद्रव्य ओल्या मांसाला चिकटत नाही, चिकटले तर त्याचा श्वास कोंडते. गोळी टाकीत टाकल्यास औषध जखमेवर अत्यल्प पोहोचते, पण अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंना त्याचा फटका बसतो आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मागे राहतात. फ्लोरिडाच्या समुद्रात २०१४ साली प्रथम आढळलेल्या, दगडी प्रवाळांचे मांस गळवणाऱ्या रोगावर अमॉक्सिसिलिन वापरले जाते हे खरे आहे. परंतु ते औषध हळूहळू सोडणाऱ्या, खास त्यासाठी बनवलेल्या लेपातून, पाणबुडे थेट रोगाच्या कडेवर भरतात. घरच्या टाकीत दगडाने झालेल्या चिरेसाठी त्याची गरज नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडही उघड्या मांसावर लावू नये. गोड्या पाण्यात बुडवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो माशांसाठी असतो हे लक्षात घ्यावे; जखमी प्रवाळाच्या पेशी त्यात फुगून फुटतात.

प्रश्न : माझा फंजिया प्रवाळ जखमेनंतर हळूहळू पूर्ण गेला. आता फक्त पांढरी तबकडी उरली आहे आणि तिच्यावर शैवालाची झाक येऊ लागली आहे. ती टाकून द्यावी काय?

उत्तर : टाकू नये. फंजियाच्या सांगाड्याच्या पट्ट्यांमध्ये खोलवर मांसाचे डोळ्यांना न दिसणारे कण जिवंत राहू शकतात, आणि वरचे सर्व अंग गेल्यानंतर काही महिन्यांनी त्यांतून छोट्या छत्र्यांसारखी पिल्ले उगवतात. सर्व तबकड्यांतून ती येतातच असे नाही, पण येतात तेव्हा एका वेळी अनेक येतात. तबकडी सौम्य प्रकाशात, गाळ बसणार नाही अशा प्रवाहात ठेवावी. आठवड्यातून एकदा पिचकारीने तिच्या फटींतील घाण उडवावी आणि शैवाल फार वाढले तर तेवढ्यापुरता एखादा लहान गोगलगायवर्गीय शंख तिच्यावर सोडावा. समुद्री साळ, म्हणजे काटेरी सी अर्चिन, तिच्याजवळ येऊ देऊ नये, कारण ती सांगाड्याचा पृष्ठभागच खरवडून खाते. पिल्ले दिसली तर ती उचकटण्याची घाई करू नये. प्रत्येक पिल्लू आधी देठावर वाढते, त्याची चकती रुंद झाल्यावर देठ आपोआप कमकुवत होतो आणि ते स्वतःच सुटून वाळूवर पडते. त्यानंतर त्याच देठातून दुसरे पिल्लूही येऊ शकते, म्हणून देठासकट तबकडी तेव्हाही टाकीतच राहू द्यावी.